शिरेवाटे जाणारा शिधा

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे वजन साधारण एक किलो भरते आणि त्या किलोभरात मेद असतो तो जेमतेम दहा-वीस ग्रॅम. यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, काही तासांतच संपून जाते. पूर्ण दिवसांचे, साडेतीन किलोचे बाळ नुसत्या पाण्यावर महिनाभर तग धरू शकेल, एक किलोचे बाळ मात्र चार-पाच दिवसच, असा एक जुना हिशेब नवजात शिशुशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी सांगितला जातो. तो पडताळून पाहण्याचा अर्थातच प्रश्न येत नाही, परंतु शरीरातील साठ्यांची बेरीज करून तो काढलेला असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गर्भात असताना या बाळाला वारेतून रात्रंदिवस अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळत होती आणि तीही गरजेपेक्षा काकणभर अधिकच. नाळ कापली की हा पुरवठा त्याच क्षणी थांबतो. त्यानंतर आपण त्याला नुसते डेक्स्ट्रोजचे, म्हणजे ग्लुकोज साखरेचे, सलाईन लावून ठेवले तर रक्तातील साखरेचा आकडा चांगला दिसतो, बाळही शांत पडून असते, पण दर दिवशी ते स्वतःच्याच शरीरातील एक ते दीड ग्रॅम प्रथिन मोडून खात असते. गर्भातच राहिले असते तर त्याच दिवशी त्याने दोनेक ग्रॅम प्रथिन अंगी लावले असते. या दोन आकड्यांमधली तूट रोज साचत जाते आणि मागाहून भरून काढणे फार कठीण जाते, कारण मेंदूच्या झपाट्याने वाढण्याचा काळही नेमका हाच असतो.

मग दूधच का देत नाही, हा प्रश्न बाळाची आजी हमखास विचारते आणि तो अगदी रास्त आहे. दूध आम्ही देतोच, बहुधा पहिल्याच दिवशी, आईचे चीक दूध असले तर फारच उत्तम. पण एवढ्या लहान बाळाच्या आतड्यांची हालचाल अजून सुसूत्र झालेली नसते, चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बत्तीस-चौतीस आठवड्यांशिवाय बसत नाही आणि दूध घाईने वाढवले तर आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मृत होण्याचा धोका असतो. म्हणून तोंडातून पोटात घातलेल्या बारीक नळीने दर दोन-तीन तासांनी एक-एक मिली दूध द्यायचे आणि ते सोसते आहे असे पाहत पाहत वाढवायचे. पूर्ण दुधावर यायला आठवडा, दीड आठवडा, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवरचा शिधा शिरेतून द्यावा लागतो. रुग्णालयात सगळे त्याला टीपीएन (टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, म्हणजे शिरेतून दिलेले संपूर्ण पोषण) म्हणतात, नातेवाईक ‘ताकदीचे सलाईन’ म्हणतात आणि मला ते दुसरे नाव मुळीच चुकीचे वाटत नाही.

या उपचाराबद्दल लिहायला बसलो आहे ते एका विशिष्ट कारणाने. त्यामागचे शास्त्र आता बऱ्यापैकी ठरलेले आहे. कोणता घटक किती द्यावा, याबद्दल जगभरातील मार्गदर्शक सूचनांमध्ये फारसे मतभेद उरलेले नाहीत. आपल्याकडे अडते ते मिसळणार कोण, कुठे आणि किती वाजता या प्रश्नांपाशी आणि या प्रश्नांबद्दल परिषदांमधून सगळ्यात कमी बोलले जाते.

इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण आजच्या काही सवयी तिथूनच आलेल्या आहेत. शिरेतून साखर आणि मीठ देणे जुनेच होते. मेद देणे मात्र फार काळ जमत नव्हते. सरकीच्या तेलापासून केलेली द्रावणे विषारी ठरून मागे पडली. स्वीडनमधील आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड वापरून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस इंट्रालिपिड तयार केले आणि पहिल्यांदाच शरीराला सोसेल असा मेद शिरेतून देता येऊ लागला. त्याच दशकात फिलाडेल्फियामध्ये स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीची कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली. १९६७ मध्ये तिथल्याच मुलांच्या रुग्णालयात लहान आतडे जवळजवळ नसलेल्या एका नवजात मुलीवर हा उपचार झाला. मानेतील शिरेत घातलेली नळी त्वचेखालून कानामागे नेऊन डोक्यावर बाहेर काढलेली होती. ती मुलगी सुमारे बावीस महिने जगली आणि त्या काळात तिचे वजन वाढले, डोक्याचा घेर वाढला. ती कमी दिवसांची नव्हती, तिचा आजार वेगळाच होता. पण माणसाचे मूल केवळ शिरेतील अन्नावर वाढू शकते, ही गोष्ट तिच्यामुळे सिद्ध झाली.

त्या काळची प्रथिन-द्रावणे केसिन (दुधातील प्रथिन) किंवा फायब्रिन (रक्तातील प्रथिन) यांचे विघटन करून बनवलेली असत. त्यांनी रक्तातील आम्लता वाढे, अमोनिया वाढे. साहजिकच डॉक्टरांनी धास्ती घेतली आणि ‘पहिले तीन-चार दिवस प्रथिन नको, बाळ स्थिरावू द्या’ हा नियम पक्का झाला. पुढे शुद्ध अमिनो आम्लांची द्रावणे आली, लहान बाळांसाठी वेगळ्या प्रमाणात घडवलेली आली, भीतीचे मूळ कारण उरले नाही, तरी नियम मात्र कितीतरी वर्षे तसाच चालू राहिला. माझ्या शिक्षणाच्या काळात ज्येष्ठ डॉक्टर चौथ्या दिवशी अर्ध्या ग्रॅमने सुरुवात करीत आणि रोज अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमने चढत. आज युरोपीय बालपोषण संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार पहिल्याच दिवशी किलोमागे किमान दीड ग्रॅम आणि दुसऱ्या दिवसापासून अडीच ते साडेतीन ग्रॅम अमिनो आम्ले द्यायची असतात. मेदही पहिल्या एक-दोन दिवसांतच सुरू करून किलोमागे जास्तीत जास्त चार ग्रॅमपर्यंत नेता येतो.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. बाळ एक किलोचे, तिसरा दिवस, दिवसभरात द्यायचे एकूण द्रव ११० मिली. (हा हिशेब समजण्यापुरता मांडला आहे, कोणत्याही बाळासाठी तो उचलून वापरू नये.) त्यांतले १० मिली नळीतून जाणारे आईचे दूध. मेद २ ग्रॅम, म्हणजे २० टक्के द्रावणाचे १० मिली. उरले ९० मिली आणि बाकी सगळे त्यातच बसवायचे. अमिनो आम्ले ३ ग्रॅम, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ३० मिली. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, जीवनसत्त्वे मिळून साधारण १२ मिली. ग्लुकोज मिनिटाला किलोमागे ६ मिलिग्रॅम या दराने धरले तर दिवसाचे ८.६४ ग्रॅम होते आणि ते उरलेल्या ४८ मिलीत बसवायचे असते. म्हणून २५ टक्के डेक्स्ट्रोज साडेपंचवीस मिली आणि १० टक्के डेक्स्ट्रोज साडेबावीस मिली असे मिश्रण करावे लागते. एवढा खटाटोप करून शिरेवाटे मिळणारी ऊर्जा भरते सुमारे ६१ किलोकॅलरी, जेव्हा वाढीसाठी हवी असते ९० ते १२०. म्हणजे तिसऱ्या दिवशीही आपण मागेच असतो.

हे नव्वद मिली चोवीस तासांत द्यायचे म्हणजे तासाला पावणेचार मिली. मेदाचा दुसरा पंप तासाला ०.४२ मिली या वेगाने चालतो, म्हणजे तासाभरात जेमतेम आठ-नऊ थेंब. सिरिंज पंपाचा दट्ट्या पुढे सरकताना डोळ्यांना दिसतच नाही. पंप खरोखर चालू आहे की नळीत कुठे अडकला आहे, हे पाहण्यासाठी सिस्टर दर तासाला सिरिंजवरचा आकडा तक्त्यावर लिहितात. तो तक्ता नसेल तर तीन तास बंद पडलेला पंपही कुणाच्या लक्षात येणार नाही.

कागदावरच्या या हिशेबात दशांशचिन्ह एक घर सरकले तर काय होईल, याचे उत्तर पोटॅशियमच्या अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युलमध्ये १० मिली द्रावण असते आणि त्याच्या प्रत्येक मिलीत २ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. एक किलोच्या बाळाला दिवसाला लागते साधारण तेवढेच, म्हणजे एक मिली. मोठ्या माणसांच्या वॉर्डात सलाईनमध्ये आख्खी अँप्युल घालण्याची सवय लागलेल्या हाताने इथेही तेच केले तर बाळाला दसपट पोटॅशियम जाईल आणि त्याचे हृदय थांबेल. म्हणूनच आमच्याकडे मिसळताना दोघीजणी असतात. एक सिस्टर तक्त्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात, दुसऱ्या सिरिंजमध्ये तेवढे ओढून ती सिरिंज त्यांना दाखवतात आणि होकार आल्यावरच ते मिश्रणात सोडतात. “पोटॅशियम एक.” “एक.” “बघू.” “हं, सोडा.” या संवादात कुणी तिसऱ्याने बोलायचे नाही, मी सुद्धा नाही, असा आमच्या विभागाचा दंडक आहे. तक्ता संगणकावर केला की चुका कमी होतात, हे खरे. पण संगणक सिरिंज ओढत नाही.

मिसळण्याची जागा म्हणजे लॅमिनार फ्लो, गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारे एक कपाट. ते सुरू करून निदान अर्धा तास थांबायचे, स्पिरिटने पृष्ठभाग पुसायचा, बाटल्यांची रबरी बुचे पुसून ती सुकू द्यायची, दागिने-घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, निर्जंतुक गाऊन आणि हातमोजे घालायचे. हे सगळे जमते तेव्हा जमते. अनेक रुग्णालयांत हे कपाट बाळांच्या वॉर्डाच्याच एका कोपऱ्यात असते, शेजारून ये-जा चालू असते आणि ज्या सिस्टरांनी मिसळायचे त्यांच्याकडेच चार बाळे सोपवलेली असतात. मधेच एखाद्या बाळाचा श्वास थांबल्याचा अलार्म वाजतो. अशा वेळी त्यांनी काय करावे? बाळाकडे धावले तर निर्जंतुकपणा गेला, न धावले तर बाळ गेले. मिसळण्याच्या तासात त्या सिस्टरांकडे एकही बाळ असता कामा नये, इतकी साधी व्यवस्था करायला जादा पगाराचे एक माणूस लागते, आणि बाटलीचा खर्च नाइलाजाने मंजूर होतो तिथे हा पगार मंजूर होत नाही, असा माझा अनुभव आहे.

घटक कोणत्या क्रमाने घालायचे यालाही महत्त्व आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही बाळाच्या हाडांना लागतात आणि दोन्ही एकमेकांजवळ आले की गोठून खडूसारखे बारीक कण तयार होतात. म्हणून अमिनो आम्ले आणि डेक्स्ट्रोज आधी, मग फॉस्फेट, नीट ढवळून झाल्यावर बाकीचे क्षार आणि कॅल्शियम अगदी शेवटी. मिश्रण तयार झाले की सिरिंज आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कागदासमोर धरून उजेडात पाहायची. किंचितही गढूळपणा दिसला तर ती टाकून द्यायची. हे कुणाला सोवळ्यासारखे वाटेल, पण १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कणांनी फुप्फुसातील रक्तवाहिन्या बुजून रुग्ण दगावल्यानंतर देशभर इशारा दिला होता. त्या मिश्रणात मेदही एकत्र केलेला होता आणि दुधासारख्या पांढऱ्या द्रावणात पांढरे कण दिसले नाहीत. आमच्याकडे मेदाची सिरिंज वेगळी ठेवतात याचे एक कारण हेच आहे. सेंद्रिय फॉस्फेट, म्हणजे सोडियम ग्लिसरोफॉस्फेट, वापरल्यास हा धोका जवळजवळ उरत नाही. ते मिळत असेल तर पैशांचा विचार न करता घ्यावे.

फॉस्फेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांत ध्यानात आली आहे. जुन्या पद्धतीत सुरुवातीला सलाईनमधून कॅल्शियम दिले जाई आणि फॉस्फेट मागाहून, सवडीने. पहिल्या दिवसापासून भरपूर अमिनो आम्ले देऊ लागल्यावर पेशी वाढीला लागतात आणि रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम स्वतःत ओढून घेतात. मग रक्तात फॉस्फेट घसरते, हाडांतून कॅल्शियम सुटून वर चढते आणि डॉक्टर कॅल्शियम जास्त झाले म्हणून ते कमी करीत बसतात, जेव्हा उणीव असते फॉस्फेटची. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घातल्यावर जे होते त्याचाच हा प्रकार. प्रथिन लवकर द्यायचे असेल तर फॉस्फेटही लवकर द्यायला हवे. गर्भातच नीट न वाढलेल्या, अगदी हडकुळ्या बाळांमध्ये हे फार ठळकपणे दिसते.

आता बाटल्यांकडे येतो. अमिनो आम्लांची बाटली बहुधा १०० मिलीची येते, मेदाचीही तेवढीच. वर मांडलेल्या हिशेबात पहिलीतले ३० आणि दुसरीतले १० मिली वापरले जातात. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, कारण अशा द्रावणांत, विशेषतः मेदात, जंतू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. खासगी रुग्णालयात चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये बाळाचा बापच जातो. रोज अर्ध्याहून अधिक भरलेली टाकून दिली जाणारी बाटली त्याच्या डोळ्यांपुढे असते. एका बापाने मला अतिशय नम्रपणे विचारले होते, “सर, एवढी महागाची बाटली, त्यातली वाटीभरसुद्धा संपत नाही, मग उद्या पुन्हा नवी कशाला?” त्याचा मुद्दा बिनतोड होता. त्याला जंतूंचे कारण पटले, तो दुसऱ्या दिवशी नवी बाटली घेऊनही आला. पण व्यवस्था म्हणून हा प्रश्न त्याच्या अंगावर पडायलाच नको होता. तीन बाळांचे मिश्रण एकाच बैठकीत, एकाच टेबलावर केले तर एकाच बाटलीत तिघांचे भागते आणि खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. त्यासाठी तिघांच्या रक्ताचे अहवाल सकाळी वेळेवर हाती यायला हवेत, तिघांचे तक्ते दुपारच्या आत लिहून व्हायला हवेत आणि बाटलीचे बिल तिघांत वाटण्याची सोय रुग्णालयाच्या संगणकात असायला हवी. यातली शेवटची अट पूर्ण करायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे वाचून बिलिंगमधल्या कुणाला राग येऊ नये.

तयार मिश्रण बाळापर्यंत नेणारी वाट म्हणजे पहिल्या दिवसांत नाळेच्या शिरेत घातलेली नळी आणि नंतर हाताच्या किंवा पायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवलेली, शेवयीएवढी बारीक पिक लाइन. हाताच्या साध्या शिरेतून हे मिश्रण फार काळ देता येत नाही. वरच्या हिशेबातील मिश्रणाची तीव्रता लिटरला साधारण ९५० मिलिऑस्मोल होते आणि ९०० च्या पुढे लहान शिरा सुजतात, द्रव बाहेर पाझरून कातडी जळते. नळीचे टोक नेमके कुठे आहे हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय काहीही सुरू करायचे नाही. नाळेची नळी वळून यकृतात शिरलेली असेल तर तेवढे तीव्र द्रावण थेट यकृतात उतरते. नळीला गाळणी लावावी, पाणीदार मिश्रणाला ०.२२ मायक्रॉनची आणि मेदाला १.२ मायक्रॉनची, असे शास्त्र सांगते. आपल्याकडे ती सर्वत्र लावली जात नाही. प्रकाशाचे मात्र तुलनेने सोपे आहे. उजेडात या मिश्रणात पेरॉक्साइडे तयार होतात आणि काही जीवनसत्त्वे नष्ट होतात, म्हणून सिरिंज आणि नळी दोन्ही झाकायच्या असतात. युरोपच्या औषध संस्थेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील सर्व मुलांसाठी तशी स्पष्ट शिफारस केली. त्यासाठी तयार केशरी रंगाच्या नळ्या मिळतात, नाही मिळाल्या तर ॲल्युमिनियमचा कागद आणि चिकटपट्टी यांनीही काम भागते.

सर्व नियम पाळूनही घात होऊ शकतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. जर्मनीतील माइंझ येथील विद्यापीठ रुग्णालयात २०१० च्या ऑगस्टमध्ये दूषित पोषणद्रावण दिल्या गेलेल्या बाळांपैकी तीन दगावली. आधी संशय मिसळणाऱ्यांवर आला. तपासाअंती दिसले ते असे की काचेची एक बाटली रुग्णालयात तयारी सुरू होण्याआधीच कुठेतरी इजा होऊन बहुधा सूक्ष्म तडकलेली होती आणि जंतू तिथून आत शिरून वाढले होते. त्यामुळे प्रत्येक बाटली उघडण्यापूर्वी उलटी करून उजेडात फिरवून पाहण्याच्या नियमाला मी किरकोळ मानत नाही.

यकृताचाही प्रश्न आहेच. शिरेतील पोषण आठवड्यांमागून आठवडे चालले, विशेषतः आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाळांमध्ये, तर पित्त साठून हिरवट झाक असलेली कावीळ होते. निव्वळ सोयाबीन तेलाचा त्यात मोठा वाटा असतो. बॉस्टनमधील मुलांच्या रुग्णालयात मार्क पुडर आणि कॅथलीन गुरा यांनी माशाच्या तेलाचा मेद वापरून अशी कावीळ ओसरते हे दाखवले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली. सोयाबीन, नारळ, ऑलिव्ह आणि मासे अशा चार तेलांचे मिश्रणही आता आपल्याकडे वापरात आहे. तरी यावरचा खरा उतारा दूधच. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तिचा संबंध या विषयाशी इतका थेट आहे: आईचे दूध नसताना दात्या मातेचे मिळाले की आतडे लवकर कामाला लागते आणि शिरेतील पोषणाचे दिवस कमी होतात. दूध किलोमागे १२० मिलीच्या आसपास पोचले की आम्ही टीपीएन थांबवतो आणि नळी काढून टाकतो. ‘असू दे अजून दोन दिवस, औषधांना उपयोगी पडेल’ असे म्हणून ठेवलेली नळी जंतुसंसर्गाला आमंत्रण देते.

उशिरा सुरू करण्याच्या समर्थनार्थ हल्ली पेपॅनिक अभ्यासाचा दाखला दिला जातो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अतिदक्षता विभागातील मुलांना शिरेतील पोषण आठवडाभर उशिरा दिल्यावर जंतुसंसर्ग कमी झाला आणि मुले लवकर बरी झाली, हे खरेच आहे. पण ती मुले पूर्ण दिवसांच्या नवजातांपासून किशोरवयापर्यंतची होती, कमी दिवसांची बाळे त्यात घेतलेलीच नव्हती. दहा-वीस ग्रॅम मेदावर जगणाऱ्या बाळाला तो निष्कर्ष लावणे म्हणजे अभ्यासाचे शीर्षक वाचून तक्ता न वाचण्यासारखे आहे.

भारतात २०२० मध्ये सुमारे ३० लाख बाळे कमी दिवसांची जन्मली. त्यांतली बहुसंख्य बत्तिसाव्या आठवड्यानंतरची असतात आणि त्यांना शिरेतील पोषण लागत नाही. ज्यांना लागते त्यांतली कितीतरी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात जन्मतात, जिथे श्वासाची यंत्रे आली, वॉर्मर आले, प्रशिक्षित सिस्टर आल्या, पण लॅमिनार फ्लो आणि औषधनिर्माता आलेला नाही. तिथे डेक्स्ट्रोज आणि दूध यांवर वेळ निभावली जाते. प्रत्येक जिल्ह्यात एक मिसळण्याची खोली उघडा, असे मी म्हणणार नाही, कारण दिवसाला दोन बाळांसाठी ती खोली नीट चालणार नाही आणि नीट न चालणारी खोली नसलेलीच बरी. २०१८ च्या त्याच युरोपीय सूचनांत बहुतेक बाळांसाठी प्रत्येकाचा वेगळा हिशेब करण्यापेक्षा ठरलेल्या प्रमाणाची तयार पिशवी वापरावी, असे म्हटले आहे. आमच्या पिढीला हे पचायला जड जाते, कारण दशांशापर्यंतचा तक्ता लिहिण्यात एक प्रकारचा अभिमान असतो. पण मध्यरात्री दोन वाजता जन्मलेल्या नऊशे ग्रॅमच्या बाळासाठी तो तक्ता दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिला जातो आणि संध्याकाळी चार वाजता पंपावर चढतो. तोवरचे चौदा तास नुसत्या डेक्स्ट्रोजवर गेलेले असतात.

एखाद्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधनिर्माण विभागात आठवड्यातून दोनदा सुरुवातीची पिशवी तयार करता येईल: अमिनो आम्ले, डेक्स्ट्रोज आणि थोडे कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम काही नाही. जंतुपरीक्षण करून, तारीख आणि तुकडी क्रमांक घालून ती शीतपेटीतून आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांना पाठवायची. लसींसाठी ही शीतसाखळी आपण वर्षानुवर्षे चालवतोच आहोत. जिल्ह्याच्या फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर अशा दोन पिशव्या असल्या तर रात्रपाळीच्या सिस्टरांना फक्त बाळाचे वजन पाहून पंपाचा वेग लावायचा राहील. एका पिशवीला किती खर्च येईल, ती किती दिवस टिकते याची चाचणी कोण करेल आणि न वापरता मुदत संपलेल्या पिशवीचे पैसे कोणत्या खात्यावर पडतील, एवढे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतील, आणि त्यांतला तिसरा मला सगळ्यात अवघड वाटतो.